युद्धावरून परतलेल्या सैनिकाचे समाज काय देणे लागतो?

दीपमाळ

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. त्या युद्धात लढलेल्या एका सैनिकाच्या मुलीला सरकारकडून दरमहा ७३.१३ डॉलर निवृत्तिवेतन मिळत असे आणि ते २०२० मध्ये तिचे निधन होईपर्यंत चालू राहिले. म्हणजे शेवटची गोळी झाडली गेल्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे त्या युद्धाचा खर्च कोणाच्या तरी हिशेबवहीत पडत होता. युद्ध पुकारताना दारूगोळा, विमाने आणि रसद यांचा अंदाज काढला जातो. परंतु परतलेल्या माणसांच्या पुढच्या साठ-सत्तर वर्षांचा अंदाज मांडलेला माझ्या तरी वाचनात फारसा येत नाही.

माझे मत असे आहे की हे देणे दयेचे नसून कराराचे आहे. रोमचा सम्राट ऑगस्टस याने इसवी सन ६ मध्ये निवृत्त सैनिकांसाठी स्वतंत्र खजिना स्थापन केला आणि त्यात सतत भर पडावी म्हणून वारसाहक्काने मिळणाऱ्या मालमत्तेवर पाच टक्के व लिलावातील विक्रीवर एक टक्का कर बसवला. त्यामागे त्याचा राजकीय स्वार्थ उघड होता, कारण देणी थकलेले सैनिक आपापल्या सेनापतींच्या मागे उभे राहतात हे त्याने यादवीत पाहिले होते. तरीही सैनिकाच्या उतारवयाचा भार श्रीमंत नागरिकाने उचलावा आणि तो वर्गणीतून नव्हे तर करातून उचलावा, ही कल्पना दोन हजार वर्षांपूर्वी अमलात आली होती.

प्रश्न यापुढचा आहे. सरकारने निवृत्तिवेतन सुरू केले आणि रुग्णालयाचे कार्ड हातात दिले की बाकीचा समाज मोकळा होतो का? नोकरी देणारा, शेजारी, डॉक्टर, शाळा आणि नातेवाईक यांच्या वाट्याला काय येते? अनुभव असतील तर अवश्य लिहा आणि मतभेद असतील तर तेही मोकळेपणाने मांडा.

प्रतिप्रश्न

विषय महत्त्वाचा आहे, म्हणूनच विरोधी बाजू मांडतो. सक्तीची भरती असेल तर समाजाचे देणे मला मान्य आहे. परंतु जिथे माणूस स्वतःहून अर्ज करतो, पगार घेतो आणि धोका माहीत असूनही सही करतो, तिथे वेगळा अधिकार कशाच्या आधारे मागायचा? खाणीत उतरणारा मजूर, गटारात उतरणारा सफाई कामगार, खोल समुद्रात जाणारा मच्छीमार हे सगळे जिवावर उदार होऊनच पोट भरतात. त्यांच्या फुप्फुसात धूळ साठते तेव्हा कोणी मानवंदना देत नाही. जोखमीच्या प्रत्येक कामाला चांगली भरपाई मिळावी, इथपर्यंत मी सोबत आहे. गणवेशाला वेगळी रांग का, हे मला पटवून द्यावे.

तळटीप

@प्रतिप्रश्न, खाण कामगाराची तुलना अर्ध्या वाटेपर्यंत योग्य आहे. छत कोसळेल असे वाटले तर तो खाली उतरायला नकार देऊ शकतो. त्याची नोकरी जाईल, उपासमार होईल आणि तो अन्याय आहेच. पण नकार दिल्याबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही. सैनिकाने सही करताना नेमका हा नकाराचा अधिकार सोडलेला असतो. पहिल्या महायुद्धात पळून जाणे, भेकडपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश आणि राष्ट्रकुलातील ३०६ सैनिकांना त्यांच्याच सैन्याने गोळ्या घातल्या. त्यांतले कित्येक जण मानसिकदृष्ट्या पार कोलमडलेले होते. त्यांना माफी मिळाली २००६ मध्ये, म्हणजे त्यांची मुलेही बहुतेक हयात नव्हती तेव्हा.

दुसरा फरक असा की सैनिकाला आपल्या नावाने मारायला पाठवलेले असते. खाण कामगाराने आपल्या जिवाची जोखीम घेतली. सैनिकाने त्यासोबत दुसऱ्याचा जीव घेण्याचे ओझेही घेतले, आणि ते ओझे आपण मत देऊन, कर भरून आणि गप्प बसूनही त्याच्याकडे सोपवले आहे. सफाई कामगाराला न्याय मिळत नाही म्हणून सैनिकाचे देणे कमी होत नाही. दोन थकबाक्या एकमेकींना फेडत नाहीत.

जुनी पलटण

मी स्वतः लढून आलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लोक आमच्याशी दोनच प्रकारे बोलतात. एक तर छाती फुगवून, नाहीतर आवाज हळू करून. पहिल्या प्रकारात आम्ही देव असतो आणि दुसऱ्यात रुग्ण. आमच्यातले बहुसंख्य लोक परत येतात, काम शोधतात, मुलांच्या फी भरतात आणि जगतात. कोणीतरी आम्हाला कोणत्याही नव्या माणसाला विचारतात तसे साधे प्रश्न विचारावेत, एवढीच अपेक्षा असते.

खरी अडचण कागदांची असते. सैन्यात मी गाड्यांची दुरुस्ती सांभाळत असे. अंधारात, दिवा न लावता, हाताने चाचपून इंजिनाचा पट्टा बदललेला आहे; सुटे भाग नसताना दोन बंद गाड्यांतून एक चालती गाडी उभी केलेली आहे आणि हाताखालच्या पोरांना हे सगळे शिकवलेले आहे. बाहेर आल्यावर एका कारखान्यात मुलाखतीला गेलो तेव्हा समोरच्या तरुण अधिकाऱ्याने माझा अर्ज उलटसुलट करून विचारले, ‘यात अनुभव कुठे लिहिला आहे?’ लिहिलेला होता, पण पलटणीच्या भाषेत. हुद्दा, तुकडी, अभ्यासक्रमांची सांकेतिक नावे. त्याला त्यातले काहीच कळले नाही आणि त्याच्या भाषेत ते कसे सांगायचे हे मला कोणी शिकवले नव्हते. शेवटी रखवालदाराची जागा देऊ केली गेली. रखवालदारीला मी कमी लेखत नाही, पण कारखान्याच्या आत माझ्यासारख्याची गरज होती आणि मला फाटकावर उभे केले गेले.

सैन्यात शिकलेल्या कामाला बाहेर चालणारे प्रमाणपत्र सेवेत असतानाच मिळाले पाहिजे. सेवा संपल्यावर पुन्हा दोन वर्षे वर्गात बसवणे हा त्यावर उपाय होऊ शकत नाही.

शिलालेख

@जुनी पलटण यांच्या मुद्द्याला इतिहासातून जोड देतो.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेने आपल्या सैनिकांना १९२४ मध्ये बोनसची प्रमाणपत्रे दिली, पण पैसे मिळणार होते १९४५ मध्ये. मध्येच महामंदी आली, रोजगार बुडाला आणि १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक बायकामुलांसह राजधानी वॉशिंग्टनमध्ये झोपड्या बांधून बसले. त्यांची मागणी एवढीच होती की जे कबूल केले आहे ते आत्ता द्या. जुलैच्या अखेरीस त्यांच्यावर घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर सोडण्यात आला आणि त्या कारवाईचे नेतृत्व करणारा सेनानी डग्लस मॅकआर्थर होता. पैसे अखेर १९३६ मध्ये मिळाले.

ही नामुष्की पुढच्या पिढीच्या लक्षात राहिली. २२ जून १९४४ रोजी, दुसरे महायुद्ध चालू असतानाच, रूझवेल्ट यांनी परतणाऱ्या सैनिकांसाठीच्या कायद्यावर सही केली. शिक्षणाचे शुल्क, शिकत असताना निर्वाहभत्ता, घर किंवा व्यवसायासाठी सरकारी हमीचे कर्ज आणि काम मिळेपर्यंत आठवड्याला २० डॉलर, तेही जास्तीत जास्त ५२ आठवडे. सुमारे १ कोटी ६० लाख सैनिकांपैकी ७८ लाखांनी शिक्षण किंवा प्रशिक्षणाचा लाभ घेतला आणि त्यांतले सुमारे २२ लाख महाविद्यालयांत गेले. खाणीत किंवा शेतावर परतले असते असे तरुण अभियंते, शिक्षक आणि डॉक्टर झाले. मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेळ: सैनिक घरी येण्याआधी कायदा तयार होता.

चांदणवेल

@शिलालेख, माहिती उत्तम आहे, पण त्या कायद्याचे दुसरे अंगही इथे नोंदवले पाहिजे. कर्जाची हमी सरकारची होती, परंतु कर्ज देणार होती गावातली बँक, आणि प्रवेश देणार होते वंशभेद पाळणारे महाविद्यालय. १९४७ मध्ये मिसिसिपी राज्यात या योजनेखाली ३,२२९ कर्जे दिली गेली आणि त्यांपैकी फक्त २ कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळाली. कायद्यात भेदभावाचा एक शब्दही नसताना हे घडले. धाग्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर यातच दडलेले आहे असे मला वाटते, कारण सरकारने दार उघडले होते आणि समाजाने ते लावून घेतले.

ज्यांना आपले मानले नाही, त्यांच्या बाबतीत तर याहून वाईट घडले. फ्रान्ससाठी लढून, जर्मनांच्या कैदेत राहून परतलेल्या पश्चिम आफ्रिकी सैनिकांनी सेनेगलमधील थियारॉय येथील छावणीत थकलेला पगार मागितला, तेव्हा १ डिसेंबर १९४४ रोजी फ्रेंच लष्करानेच त्यांच्यावर गोळीबार केला. पुढे १९५९ च्या कायद्याने वसाहतींतील माजी सैनिकांचे निवृत्तिवेतन होते तिथेच गोठवले गेले. एकाच खंदकात लढलेल्या दोघांपैकी एकाचे वेतन महागाईबरोबर वाढत राहिले आणि दुसऱ्याचे दशकानुदशके तसेच राहिले. निवृत्त गुरखा सैनिकांना ब्रिटनमध्ये राहण्याचा सरसकट हक्क मिळायलाही २००९ साल उजाडावे लागले आणि तोही संसदेत सरकारचा पराभव झाल्यानंतर मिळाला.

उंबरठा

मी सैनिकाची पत्नी आहे. कायदे आणि योजना यांवर इथे अनेक जाणकार लिहीत आहेत, म्हणून मी घरातले लिहिते.

हे परत आले तेव्हा अंगावर एक ओरखडाही नव्हता आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मग हळूहळू लक्षात येऊ लागले. कोणत्याही खोलीत ते पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे करूनच बसत. लग्नसमारंभात गेलो की आधी बाहेर पडायच्या वाटा पाहून घेत. रात्री पंख्याचा आवाज बदलला तरी उठून उभे राहत आणि मग पहाटेपर्यंत घरात फिरत. मुलगी मागून येऊन गळ्यात पडली तेव्हा त्यांनी तिचा हात असा पिरगाळला की ती कळवळली. त्यानंतर कित्येक दिवस त्यांनी तिला जवळ घेतले नाही, स्वतःचीच भीती वाटून.

नातेवाईक म्हणत, ‘आता झाले गेले विसरा.’ सासूबाई म्हणत, ‘वेळ गेला की होईल सगळे ठीक.’ कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पण प्रत्येक वाक्याचा अर्थ एकच होता, की हा विषय इथे नको. ज्या सरकारी दवाखान्यात नाव नोंदवले होते तिथे अंगावर जखम नाही म्हणून फॉर्मवरचा रकाना कोरा राहिला आणि रकाना कोरा म्हणून कागद पुढे सरकेना.

मदत झाली ती दोन माणसांची. त्यांच्या तुकडीतला एक सहकारी नेमाने येऊन बसत असे. दोघे फारसे बोलतही नसत. पण तो असला की हे दाराकडे पाहायचे विसरत. आणि दुसरे म्हणजे नोकरीच्या ठिकाणचे वरिष्ठ. त्यांनी काहीही न विचारता यांचे टेबल कोपऱ्यात, भिंतीला टेकून लावून दिले आणि उपचाराच्या दिवशी उशिरा यायची मुभा दिली. त्यासाठी कोणता कायदा लागला नाही आणि खर्चही आला नाही.

शिलालेख

@उंबरठा, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. कोऱ्या रकान्याचा इतिहास फार जुना आहे. चार्ल्स मायर्स या डॉक्टरने तोफांच्या माऱ्याने भेदरलेल्या सैनिकांची लक्षणे वैद्यकीय नियतकालिकात १९१५ मध्येच मांडली होती. तरीही आघातोत्तर तणावविकार हे निदान अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या अधिकृत यादीत आले १९८० मध्ये. मधल्या काळात दुसरे महायुद्ध झाले, कोरिया झाले, व्हिएतनाम झाले. १९८० मध्येही हा बदल आपोआप झाला नाही. व्हिएतनामहून परतलेले सैनिक १९७० च्या सुमारास स्वतःच गट करून एकमेकांशी बोलू लागले, काही मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यासोबत बसू लागले आणि त्या बैठकांतून पुढे आलेल्या कहाण्यांनी मान्यतेच्या मागणीला बळ दिले. आपल्या घरी नेमाने येऊन बसणारा तो सहकारी त्याच परंपरेतला आहे.

अक्षरवेल

पहिल्या महायुद्धात ज्यांचे चेहरे विद्रूप झाले, त्यांच्यासाठी इंग्लंडमधील सिडकप येथे १९१७ मध्ये मोठे रुग्णालय उघडले आणि हॅरॉल्ड गिलीज यांनी तिथे प्लास्टिक सर्जरीचा पाया घातला. रुग्णालयाकडून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची काही बाकडी निळ्या रंगाने रंगवलेली असत. तिथे बसलेला माणूस पाहून धक्का बसू शकतो, याची ती गावकऱ्यांना आगाऊ सूचना होती. ती बाकडी सैनिकांना फिरायला बाहेर पडता यावे म्हणून होती की गावकऱ्यांना नजर वळवता यावी म्हणून, यावर मी बराच विचार केला आहे आणि मला दोन्ही खरे वाटते.

प्रतिप्रश्न

@तळटीप, नकाराच्या अधिकाराचा मुद्दा मला पटला आणि तो भरपाईच्या हिशेबात वेगळा धरावा हे मान्य करतो. परंतु त्याच मुद्द्यातून दुसरा प्रश्न उभा राहतो. युद्धच अन्याय्य असेल तर काय? ज्याने दुसऱ्याच्या देशात घुसून गावे जाळली, त्यालाही आम्ही करार पाळून सन्मानाने सांभाळायचे का?

तळटीप

सन्मान आणि सांभाळ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात असे मी म्हणेन. ज्याने गुन्हा केला त्याच्यावर खटला चालवावा. गणवेश हे त्यापासूनचे कवच होऊ शकत नाही. परंतु युद्ध चुकीचे होते म्हणून तुटलेल्या पायाला कृत्रिम पाय द्यायचा नाही, हे कोणत्या न्यायात बसते? युद्ध चुकीचे असेल तर ती चूक पाठवणाऱ्यांची आधी आहे. सोव्हिएत संघाचे सैनिक १९७९ ते १९८९ या काळात अफगाणिस्तानात लढले. परत आल्यावर घरासाठी किंवा औषधासाठी ते सरकारी खिडकीपाशी उभे राहत, तेव्हा त्यांना मिळणारे एक उत्तर पुढे कुप्रसिद्ध झाले: ‘आम्ही तुम्हाला तिथे पाठवले नव्हते.’ खिडकीमागच्या माणसाने खरोखरच पाठवले नव्हते. पण प्रत्येक खिडकीमागचा माणूस असे म्हणू लागला तर पाठवणारा कोण उरतो?

कोरा कागद

मला हा सगळा धागा एकांगी वाटतो, म्हणून स्पष्ट लिहितो. व्हिएतनाममध्ये फवारलेल्या एजंट ऑरेंज या विषारी तणनाशकामुळे आजारी पडलेल्या अमेरिकी सैनिकांसाठी १९९१ मध्ये कायदा झाला. ठरावीक आजार झाला असेल आणि माणूस तिथे सेवेत असेल, तर संबंध सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकला जात नाही. उत्तम कायदा आहे. पण ज्यांच्या शेतांवर ते फवारले, त्या व्हिएतनामी कुटुंबांसाठी त्यात काय होते? काहीही नाही. त्यांनी अमेरिकी न्यायालयात रासायनिक कंपन्यांविरुद्ध लावलेला दावाही फेटाळला गेला. परतलेल्या सैनिकाविषयी बोलताना ज्यांना परतायला घरच उरले नाही, त्यांचा उल्लेख तरी व्हावा.

दीपमाळ

@कोरा कागद, आपला मुद्दा योग्य आहे आणि तो धाग्याबाहेरचा नाही. एक निरीक्षण मात्र जोडतो. फवारणी १९७१ मध्ये थांबली आणि स्वतःच्या सैनिकांसाठीचा कायदाही त्यानंतर वीस वर्षांनी आला. जो समाज स्वतःच्या माणसाच्या आजाराचे कारण मान्य करायला इतका वेळ लावतो, तो परक्याच्या आजाराचे कारण लवकर मान्य करील अशी आशा कमी आहे. सैनिकांच्या आजारांनी निदान त्या रसायनाचा अभ्यास करायला भाग पाडले आणि त्या अभ्यासाचा आधार पुढे इतर पीडितांनाही घेता आला. तेवढ्यावर समाधान मानावे असे मी म्हणत नाही.

जुनी पलटण

चर्चा जड होत चालली आहे, म्हणून जे चांगले झाले तेही सांगतो. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे कण्याला मार बसलेल्या सैनिकांसाठी विभाग उघडला. तोवर अशा रुग्णाने अंथरुणाला खिळून मरणाची वाट पाहायची, असाच रिवाज होता. लुडविग गुटमान या डॉक्टरांनी रुग्णांना ठरावीक वेळाने कुशीवर वळवायला सुरुवात केली, बसवले, कामाला लावले आणि हातात चेंडू, धनुष्य दिले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, चाकाच्या खुर्चीतल्या १६ जखमी सैनिकांनी, ज्यांत स्त्रियाही होत्या, तिथे तिरंदाजीची स्पर्धा केली. आजचे पॅरालिम्पिक त्यातून वाढले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले, ते याच परंपरेत.

त्या डॉक्टरांनी रुग्णांकडून कामाची अपेक्षा ठेवली, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. आम्हाला नुसते सांभाळू नका, आमच्याकडून काहीतरी मागा.

वाटाड्या

मी समुपदेशनाचे काम करतो. बेघर झालेल्या माजी सैनिकांविषयी एक गोष्ट इथे आलेली नाही. पूर्वी पद्धत अशी होती की आधी दारू सोडा, उपचार पूर्ण करा, मग घर मिळेल. अमेरिकेने हा क्रम उलटा केला: आधी भाड्याला आधार देऊन घर, सोबत एक समाजसेवक आणि मग उपचार. तिथे २०१० मध्ये एका रात्रीच्या गणनेत ७४ हजारांहून अधिक माजी सैनिक बेघर आढळले होते. २०२४ च्या गणनेत ही संख्या ३२,८८२ होती. रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाला औषध वेळेवर घे असे सांगण्यात काही अर्थ नसतो, हे रोजच्या कामात मी पाहतो. बूट चोरीला जातील या भीतीने जो रात्रभर डोळा मिटत नाही, तो सकाळी दहाच्या भेटीला येणार कसा?

गोंदण

मूळ प्रश्नाकडे येते. मी एका मध्यम आकाराच्या कारखान्यात भरतीचे काम पाहते. @जुनी पलटण आणि @उंबरठा यांचे प्रतिसाद वाचून दोन गोष्टी उद्याच करता येतील असे वाटले. अर्जात लष्करी सेवा असेल तर मुलाखतीच्या मंडळात एक माजी सैनिक बसवायचा, म्हणजे तुकडीची भाषा कामाच्या भाषेत उलगडून सांगणारा कोणीतरी समोर असेल. आणि उपचारासाठीची रजा आजारपणाच्या रजेतून न कापता वेगळी धरायची. यात आणखी काय असावे?

उंबरठा

@गोंदण, रजेच्या अर्जात कारणाचा रकाना ठेवू नका. तारीख आणि वेळ पुरेशी आहे. कारण लिहावे लागते म्हणून आमच्या घरात कित्येक भेटी चुकल्या आहेत. आणि शक्य असेल तर तीच सवलत सैनिकाच्या जोडीदारालाही द्या, कारण पहिल्या काही भेटींना सोबत कोणीतरी जावेच लागते.

जुनी पलटण

मंडळात बसायला माणूस मिळाला नाही तर मला निरोप करा. अर्ज आधी पाठवलेत तर कोणत्या तुकडीत कोणते काम चालते हे मी समासात लिहून परत पाठवीन.